कपबशीतले पाहुणे, गिलासातले किरायेदार

एका गेटाच्या आत चार बिऱ्हाडं राहायला लागली की किस्से आपोआप होतात. त्यांना ना खत लागतं ना पाणी. तुम्ही फक्त ओट्यावर बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. गोंदियाच्या कडेला, मुर्रीत, पटले मामाजींच्या आवारात मी किरायानं राहतो. तिथले किस्से मी गावी भावांना सांगितले, दवाखान्यात कंपाउंडरला सांगितले, आणि एकदा तर म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात असताना तिच्या मालकालाही सांगितले. मालक हसला. म्हैसही जरा सैल झाली!

हो, मी जनावरांचा डॉक्टर. मूळचा साताऱ्याकडचा. बदलीची ऑर्डर आली तेव्हा आई म्हणाली, "गोंदिया म्हणजे महाराष्ट्रातच ना रे?" मी नकाशात दाखवलं. तिनं एक बोट साताऱ्यावर ठेवलं, दुसरं गोंदियावर, तर मधे अख्खा महाराष्ट्र.

०

खोली शोधत मामाजींच्या गेटापाशी उभा राहिलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. मामाजी म्हणजे आमचे घरमालक. उंच, वाळलेले, डोक्याला गमछा, एक गुडघा कायम कुरकुरणारा. मागं धानाची शेती आणि एका म्हशीचा गोठा, पुढं स्वतःचं स्लॅबचं घर, आणि बाजूला ओळीनं चार खोल्या. मला वाटलं, नोकरी काय, पगार काय, असं विचारतील. त्यांनी विचारलं, "कोन गाव?"

मी सांगितलं.

"अरे बापा! लय दुरून आले. मंग तुमीबी बाहेरचे, आमीबी बाहेरचेच."

मी चपापलो. घरमालकच बाहेरचा? "तुम्ही कुठले मामाजी?"

"आमी माळव्याचे. पवार समाजाचे लोकं ना आमी. धारकडून आलो."

"असं होय! कधी आलात?"

मामाजींनी गमछ्यानं मान पुसली, वर स्लॅबकडं पाहिलं आणि अगदी मनापासून आठवून सांगितलं, "माह्या आजोबाच्या आजोबाच्या आजोबाच्या टायमाले."

"मग परत गेला होता का कधी?"

"जमलंच नाही गा," मामाजी म्हणाले, जसं काही मागच्या आठवड्यात राहून गेलं होतं. "रोवणा येते, मंग कापणी येते. पन जाचं आहे. एक डाव आपल्या लोकाइले पाहून याचं आहे."

मी खोली घेतली. इतकी जुनी ओढ असलेला माणूस किराया फार वाढवणार नाही, असा माझा अंदाज होता. तो खराही ठरला.

०

पहिला महिना मला रोज सकाळी मामाजींच्या घरून चहा यायचा. गुलाबाची फुलं असलेली कपबशी, वर दोन बिस्किटं. मामीजी स्वतः आणून द्यायच्या. मी गावी फोन करून सांगितलं, "माणसं सोन्यासारखी आहेत."

दुसऱ्या महिन्यात कपबशी गेली. चहा स्टीलच्या गिलासातून यायला लागला. बिस्किटं नाहीतच. मला वाटलं, आपलं काहीतरी चुकलं. आंघोळीला पाणी जास्त वापरलं की काय? मी शेजारच्या खोलीतल्या सुनिता मडावीला विचारलं. ही नर्स, चिचगडकडची, आरोग्य केंद्रात नोकरीला. तोंडानं फटकळ, हातानं मऊ. ती खळखळून हसली.

"डॉक्टर, तुमचं डिमोशन नाही झालं! कपबशी म्हणजे पाहुना. गिलास म्हणजे किरायेदार. मामाजीकडं असंच राहते."

"आणि तुला कशात देतात?"

"मले कोन देते?" सुनिता म्हणाली. "मीच जाऊन सगळ्याइचा करते."

तिसरी पायरीही असते, हे मला तेव्हा कळलं. ती कशी चढायची, हे मात्र कोणी सांगेना.

ती चढलो तो दिवस असा. अंगणात सामाईक नळ आहे, त्याखाली टाकं. मी बादली लावली, तेवढ्यात फोन आला, आणि बोलत बोलत खोलीत गेलो. टाकं भरलं, वाहिलं, अंगणभर पाणी झालं, आणि मामीजींच्या वाळत घातलेल्या मिरच्या तरंगत गेटापर्यंत गेल्या. मामाजी बाहेर आले आणि गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात गरजले, "अकल हाये का गा? डॉक्टर झाला का ढोर? नळ कोन बंद करन, तुहा बाप?"

माझं तोंड एवढंसं झालं. साताऱ्यात घरमालक असं बोलला असता तर मी त्याच दिवशी खोली सोडली असती. एवढ्यात तिसऱ्या खोलीतले रफिकभाई बाहेर आले. रफिकभाईंचं टायर-पंक्चरचं दुकान आहे. त्यांनी हात पुसले, माझा हात हातात घेतला आणि जोरजोरात हलवला.

"मुबारक हो डॉक्टरसाब! मुबारक हो!"

"कशाबद्दल?"

"मामाजीने गाली दी ना! अब आप घर के हो गए!"

मागून सुनितानं गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. मामाजी अजून ओरडतच होते.

०

चौथी खोली मात्र फिरती. तिथं कोणी टिकत नाही, बदल्या होतात. एकदा नागपूरचा निखिल नावाचा तरुण आला, मोबाइल कंपनीतला. शिकलेला, चुणचुणीत, पण त्याला 'प्रायव्हसी' पाहिजे होती. दाराला एवढं मोठं कुलूप. खोलीपुढच्या फरशीवर खडूनं रेघ मारून ठेवलेली.

उन्हाळा आला. त्या आवारात सगळ्यात कडक ऊन पडतं ते नेमकं निखिलच्या दारापुढं. मामीजी वर्षानुवर्षं पापड तिथंच घालत आलेल्या. त्यांनी रेघ पाहिली, पदर खोचला आणि रेघेच्या आत पापड घातले. निखिल ऑफिसातून आला तर दारापर्यंत पोहोचायला वाट नाही!

"मामाजी," तो म्हणाला, "हे बरोबर नाही. एवढा पोर्शन माझा आहे. मी किराया देतो."

मामाजी दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी शांतपणे पापडांकडं पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "पोर्शन तुहा हाये बापा. ऊन माहं हाये."

निखिल बूट हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेनं खोलीत शिरला. पुढं त्याची रायपूरला बदली झाली. पुढच्या उन्हाळ्यात मामीजींचा फोन वाजला. निखिल. "मामीजी, पापड झाले का? माझ्याच दारापुढं घाला बरं!"

त्या खोलीत तोवर दुसरंच कोणी राहत होतं. मामीजींनी पापड तिथंच घातले, आणि एक डबा रायपूरला गेला.

०

एकदा कसल्यातरी सर्वेक्षणाला एक ताई आल्या. उन्हानं बिचाऱ्या लाल झालेल्या. मामीजींनी त्यांना अर्थातच कपबशी दिली. ताईंनी विचारलं, "काकाजी, घरात माणसं किती?"

मामाजींनी बोटांवर सगळं आवार मोजलं. आम्हा सगळ्यांना धरून.

"आणि किरायेदार किती?"

"एकबी नाही."

"मग या खोल्यांत कोण राहते?"

"घरचे."

ताई हुशार होत्या. म्हणाल्या, "आडनावं सांगा." मामाजींनी सांगितली. पटले. मडावी. शेख. जाधव, म्हणजे मी. ताईंनी पेन खाली ठेवलं.

"काकाजी, एकाच घरात इतकी आडनावं कशी काय असन?"

तेवढ्यात आतून मामीजींचा आवाज आला, "का वं बाई, तुह्या घरी माहेरचं आन सासरचं आडनाव एकच हाये का?"

ताई हसायला लागल्या, त्या हसतच राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "बरं, मूळचे राहणारे कुठले?"

मामाजी ताठ बसले. "माळवा."

ताईंनी काय लिहिलं देव जाणे. पण त्या निघाल्यावर मामाजी ओट्यावर माझ्या शेजारी सरकून बसले. मला म्हणाले, "डॉक्टर, तठी आपल्या कुराचे लोक असन ना अजून? आपल्या सारखेच दिसत असन का?" कुर म्हणजे त्यांच्याकडं कूळ. मला एकदम जाणवलं, की हा माणूस गंमत करत नाही. त्याला खरंच कोणाला तरी भेटायचं आहे. आणि गुडघा दर वर्षी थोडा जास्त कुरकुरतो आहे.

०

पावसाळ्यात मामाजींच्या तलावाखालच्या बांधीत सारसाच्या जोडीनं घरटं केलं. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा तुकडा. माणसाच्या उंचीचे ते पक्षी, त्यांनी घरट्यासाठी उभं धान मोडलं, तुडवलं, चांगला चौक रिकामा केला. निंदणीला आलेली बाई म्हणाली, "मामाजी, हाकला ना त्याइले, धान खराब करून राहिले!"

मामाजींनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल वं. तठी बाळंतीन हाये."

त्या दिवसापासून त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कर्फ्यू लागला. मोठ्यानं बोलायचं नाही. रफिकभाई दुकानातून गाडीवर यायचे तर त्यांना वळणावर गाडी बंद करून ढकलत न्यायला लावलं. रफिकभाई घामाघूम होऊन म्हणाले, "मामाजी, हमारी बेगम की जचकी में भी इतना परहेज नहीं था!"

मला मामाजी रोज विचारायचे, "डॉक्टर, तब्येत कशी हाये तिची?" मी सारसाचा डॉक्टर नाही, असं सांगून पाहिलं. ऐकून घेतलं नाही. मग मीही लांबूनच बघून "ठीक आहे" म्हणायला लागलो. पिल्लू निघालं तेव्हा मामीजींनी आवारात गूळ वाटला.

०

आता सुनिताचा किस्सा. संध्याकाळी पाऊस उघडलेला, आम्ही सगळे ओट्यावर. मामाजींचं माळवापुराण चाललेलं. आपले लोक घोड्यावर कसे आले, जंगल कसं तोडलं, बांध्या कशा बांधल्या. सांगताना डोळे असे चमकायचे, की स्वतः घोड्यावरून उतरले असावेत. मग प्रत्येकानं आपापलं सांगितलं. मी साताऱ्याचं. रफिकभाई म्हणाले, "हमारी अम्मी प्रतापगड की, आपके सातारेवाला नहीं, इधर गोंदिया जिले का, अब्बा के अब्बा रायपूर तरफ से आए."

सुनिता शेंगा सोलत होती. मामाजींनी तिला विचारलं, "तुमी वं? तुमी कोठून आले?"

"आमी कोठूनच नाही आलो," सुनिता शेंगांवरून मान वर न करता म्हणाली. "आमी गोंड लोकं. आमी इथंच होतो. तुमी सगळे आले तवा आमीच पाहून राहिलो होतो." मग तिनं मान वर केली. "त मामाजी, हिशेबानं किराया तुमी मले द्याले पाहिजे!"

रफिकभाईंनी टाळी दिली, मी पोट धरून हसलो. मामाजी हसले नाहीत. ते उठले आणि आत गेले. मामीजींनी दार लोटून घेतलं. सुनिताचा चेहरा उतरला. "लय बोलली का वं मी?" तिनं रफिकभाईंच्या बायकोला, आमच्या भाभींना, विचारलं. दुसऱ्या दिवशी मामाजी तिच्याशी नीट बोलले, पण माळव्याचं नाव त्यांनी काढलं नाही. कित्येक दिवस काढलं नाही.

मग हलकं, लवकर पिकणारं धान कापून घरी आलं, आणि 'नवं' आलं. नव्या तांदळाचा पहिला घास खायचा दिवस. मामाजींच्या घरी रीत अशी, की शिजलेल्या नव्या भातातला पहिला वाटा पळसाच्या पानावर काढायचा आणि गावाच्या शिवेवर देवाला ठेवून यायचा. त्यांचे वडील म्हणत, तो वाटा जागेच्या जुन्या धन्याचा. तो दिल्याशिवाय घरात कोणी घास घ्यायचा नाही.

त्या वर्षी मामाजींनी पानं दोन काढली. एक घेऊन शिवेवर जाऊन आले. दुसरं दोन्ही हातांत धरून, कुरकुरत्या गुडघ्यानं, सुनिताच्या दारापुढं जाऊन उभे राहिले.

"घे बाई," ते म्हणाले. "किराया."

सुनितानं डोक्यावर पदर घेतला. आम्ही तिला असं पहिल्यांदाच पाहत होतो. तिनं पान घेतलं, कपाळाला लावलं, डोळे पुसले. मग पानाकडं पाहिलं, मामाजींकडं पाहिलं आणि म्हणाली, "एवढाच?"

मामाजी असे हसले, की मामीजी आतून धावत आल्या.

०

महाशिवरात्रीला रफिकभाईंनी सगळ्या आवाराला प्रतापगडला नेलं. त्यांचं आजोळच ते. तिथं डोंगरावर महादेव आहे आणि दर्गाही आहे. सुनितानं मामाजींच्या गुडघ्याला पट्टा बांधला, आणि मामाजी मजल दरमजल करत चढले. आधी महादेवापुढं डोकं टेकलं, मग दर्ग्यावर जाऊन डोकं टेकलं. दोन्हीकडं ओठ हलत होते.

उतरताना मी विचारलं, "काय मागितलं मामाजी?"

"माळवा."

"दोन्हीकडं?"

"मंग! एका ऑफिसात फाइल अडकली त दुसऱ्या ऑफिसातून निघते गा."

हे ऐकलं आणि रफिकभाई वाटेतच थांबले. "बस," ते म्हणाले, "अब फाइल निकालनी पडेगी." त्यांच्याकडं टायरला येणाऱ्या एका ट्रक ड्रायव्हरच्या ओळखीचं, धारजवळच्या एका गावातलं पवारांचं घर होतं. फोन झाले. तिकडून उत्तर आलं, "भेज दो, अपने ही लोग हैं." हे वाक्य रफिकभाईंनी मामाजींना स्पीकरवर ऐकवलं. मामाजींनी ते पुन्हा एकदा ऐकवायला लावलं.

०

सोबत मी जायचं ठरलं. मामीजी म्हणाल्या, "डॉक्टरलेच घेऊन चालले, मंग म्हशीले कोन पाहील?" सुनिता म्हणाली, "मी पाहीन. तिले मीच आवडते." तिनं गोळ्या बांधून दिल्या, भाभींनी पोळ्या दिल्या. मामाजींनी नव्या तांदळाचं गाठोडं बांधलं. "आपल्या लोकाइसाठी," म्हणाले. स्टेशनवर आख्खं आवार आलं होतं.

इंदूर मागं पडलं, तसे मामाजी बसच्या खिडकीला चिकटले. गव्हाची कापणी चालू होती. काळी जमीन, लांबच लांब. "पाहा डॉक्टर, आपली जमीन!" मग थोड्या वेळानं, "पन बांध्या कोठं हायेत गा?" आणखी थोड्या वेळानं, "पाणी कोठं साचत असन?"

त्या घरच्या लोकांना मी एका शब्दानं नाव ठेवणार नाही. रामसिंहजी म्हणून यजमान होते, मामाजींच्याच वयाचे. वेशीपर्यंत घ्यायला आले, गळ्यात पडले. मामाजी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मलाही आवरलं नाही. खुर्ची दिली, पाय धुवायला गरम पाणी दिलं. मामाजींनी गाठोडं पुढं केलं. घरच्या बाईंनी ते डोळ्यांना लावलं आणि म्हणाल्या, "चावल तो हमारे यहाँ कभी-कभार बनता है. सँभालकर रखूँगी."

मग चहा आला. पांढरी, सोनेरी काठाची कपबशी. बशीत दोन बिस्किटं.

मामाजींनी कपबशीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चहा प्याले.

संध्याकाळी चहा आला, कपबशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, कपबशीत. मामाजी रिकामा कप घेऊन स्वयंपाकघराकडं निघाले, तर सून धावली. "अरे दादाजी, आप बैठिए, आप तो मेहमान हैं!" शेतात जाऊन गव्हाच्या पेंढ्यांना हात लावला, तर रामसिंहजींनी हात धरला. "मेहमान से काम कराएँगे क्या?" गावातले म्हातारे भेटायला आले, कुळांची नावं जुळली, सगळे खूश झाले. मामाजीही हसत होते. पण बोलणं कमी कमी होत गेलं. मला विचारलं, "सुनितानं म्हशीले पाणी देल्लं असन ना?"

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओसरीवर टेकलेले. अंगणात नळ होता, त्याखाली हौद. मामाजी हात धुवायला उठले. हात धुतले. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांनी नळ बंद केला नाही. इकडं तिकडं पाहिलं, आणि तो तसाच सोडून खुर्चीवर येऊन बसले.

हौद भरला. वाहायला लागला. पाणी अंगणात आलं, वाळत घातलेल्या गव्हाच्या दिशेनं निघालं. मामाजी खुर्चीच्या काठावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे रामसिंहजींच्या तोंडाकडं.

रामसिंहजींचं लक्ष गेलं. ते उठले, जाऊन नळ बंद केला. सुनेनं पटापट गहू सरकवला. रामसिंहजी परत येऊन बसले आणि मामाजींच्या हातावर थोपटून, अगदी प्रेमानं म्हणाले, "कोई बात नहीं."

मामाजींनी मान हलवली. काठी जवळ ओढली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "चला डॉक्टर. गाडी किती वाजता हाये?"

रामसिंहजींनी दोन दिवस अजून राहायचा फार आग्रह केला. निघताना शाल दिली, गव्हाची पिशवी दिली. मामाजी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर तेच मामाजींच्या पाया पडले. दोघंही पुन्हा रडले. परतीच्या गाडीत समोरच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, "बाबाजी, कहाँ के रहने वाले?"

मी मामाजींकडं पाहिलं.

"मुर्री," मामाजी म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

गोंदियाला उतरलो, ऑटो करून घरी आलो. भर दुपार. मामाजी खांद्यावर शाल, एका हातात गव्हाची पिशवी, दुसऱ्या हातात काठी, घाईघाईनं गेट उघडून आत शिरले. मी ऑटोवाल्याशी बोलत मागं राहिलो. एवढ्यात माझ्या बाजूनं काहीतरी काळं, मोठं, धाडधाड बाहेर गेलं. म्हैस! आणि तिच्या मागून सुनिताचा आवाज, सगळ्या मुर्रीत ऐकू जाईल असा:

"मामाजी! गेट कोन लावन? दावं तोडलं तिनं, सकाळपासून धरून ठेवली होती ना मी तिले! अकल हाये का गा तुमाले? माळव्यात ठेवून आले का?"

सगळं आवार बाहेर आलं. रफिकभाई दारात, भाभी दारात, मामीजी पिठाच्या हातानं ओट्यावर. आपण काय बोललो ते सुनिताच्या लक्षात आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

मामाजी अंगणाच्या मधोमध उभे होते. गव्हाची पिशवी हातातून खाली आली, शाल खांद्यावरून घसरली. डोळे भरून आलेले, आणि तोंडभर हसू.

"आयकलं का वं?" त्यांनी मामीजींना हाक मारली. "पाहा ना! मले शिव्या देऊन राहिली!"

आणि काठी तिथंच टाकून, कुरकुरत्या गुडघ्यानं, ते म्हशीमागं पळाले.